हळदीखालील हिरव्या रंगाची हकीकत

श्री चक्रधारी समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी जुन्या मोटारींचे राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. संवत्सर क्रोधी, परंतु शेवट गोड जाहला, हे आधीच सांगतो, उगाच कोणाचा जीव टांगणीस नको. त्या राज्यात हैबतराव नामे सरदार होते, आणि त्यांचे तीर्थरूप आबासाहेब यांनी पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली एक हिरवी मोटार होती. आबासाहेबांनी देह ठेवतेसमयी पुत्राचा हात धरोन "मोटार अस्सलांचे रांगेत उभी करा" ऐसी आज्ञा केली, आणि हैबतराव कामास लागले. परंतु उत्साह तो केवढा! जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडविला, आणि तोच हिरवा नवा चढविला, आणि मोटार ऐसी चकाकली की सरदार तीत पाहोन मिशा पिळू लागले. मग दरबार भरला, आणि अस्सल-नकलेचा निवाडा करणारे बल्लाळपंत पारखी भिंग घेऊन आले, आणि चाके, दिवे, भोंगा, गाद्या सर्व मूळचे पाहोन मान डोलवली, आणि रंगापाशी येताच कपाळास आठी घातली. वदले, "हैबतराव, या जातीच्या मोटारी कारखान्यातून काळ्या निघत. ही हिरवी कशी?" "पंत, जन्मापासून हिरवीच पाहतो आहे!" "मग जुना रंग दाखवा." आता काय दाखवतात, कपाळ! दाखवावयाचे तेच खरवडोन बसले होते. नुसत्या नटविलेल्या मोटारींत, बँडवाल्यांचे गाडीशेजारी जागा मिळणार ऐसे दिसोन सरदारांचे डोळे भरले.

इतक्यात त्यांचे कुटुंब गोदूबाईसाहेब पुढे जाहल्या, आणि बॉनेट उचलोन म्हणाल्या, "एवढे मी खरवडू दिले नाही. दसऱ्याला मामंजी इथे आतून हळदीची बोटे ओढीत, बाहेरचा रंग खराब नको म्हणोन." पाहतात तो वर्षानुवर्षांचे हळदीचा पापुद्रा! पंत म्हणाले, "खाली जुना रंग असेल. परंतु पुसावे लागेल." मग बाईसाहेबांनी पदर ओला केला, आणि "मामंजी, राग मानू नका" ऐसे बोलोन एकच बोट पुसले, आणि खाली हिरवा! पंतांनी कडेस नखाने उकरले, तो हिरव्याखाली अस्तर, अस्तराखाली पत्रा, काळ्याचा मागमूस नाही. मग पंतांनी आपली चूक हसोन कबूल केली, आणि अस्सलतेचा शिक्का दिला, आणि बजाविले, "आता मोटारीस नवे काही लावणे नाही." ऐकतात कोण! बाईसाहेबांनी डबी उघडली आणि पुसले तेथेच हळदीचे बोट ओढले. हैबतरावांची पाचावर धारण बसली. पंतांनी भिंग लाविले, अंमळ पाहिले, आणि कारकुनास सांगितले, "लिहा, हळद मूळची."

येणेप्रमाणे मोटार अस्सलांत उभी राहिली, आबासाहेबांचा शब्द राहिला, आणि हैबतरावांनी बाईसाहेबांस विचारल्यावाचून खरवडणे सोडले. जाहले ते लिहिले.