राखणदार बसला पेटीत

फेलोशिपच्या मुलाखतीत मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "सर, असं यंत्र बनवते की हवेत धूर आला रे आला, की दुर्बिणीचा घुमट आपोआप बंद!" उन्हाळ्यात चिआंग माईकडची रानं पेटली की राख येऊन आरशावर बसते, हे आमच्या वेधशाळेचं जुनं दुखणं. संचालक आचान विसूत (आचान म्हणजे आमच्याकडे गुरुजी) खूश झाले. चाचणी पार पडली तर फेलोशिप आणखी एक वर्ष. नाहीतर मी आईच्या नूडल्सच्या दुकानात, कांद्याची पात चिरायला!

ऊन-पाऊस लागू नये म्हणून यंत्राला मी पांढरी पेटी केली, वर उतरतं छप्पर घातलं आणि ती अंगणात खांबावर बसवली. आता खांबावरचं चिमुकलं घर म्हणजे जागेच्या राखणदार देवाचं ठाणं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला मात्र सुचलं नाही!

दुसऱ्याच दिवशी पेटीला झेंडूचा हार. मग लाल सरबताची बाटली, तीही स्ट्रॉ घालून! मी खाणावळीच्या लामदुआन मावशींना गाठलं.

"मावशी, ते यंत्र आहे हो! धूर मोजायचं!"

"असू दे गं. यंत्रात काय देव राहत नाही? परवा त्याच्यावरचा आकडा बघून लॉटरीचं तिकीट घेतलं. लागलं की!"

झालं! माळ्यापासून चौकीदारापर्यंत सगळे पेटीपुढे हात जोडून उभे राहू लागले.

चाचणीच्या सकाळी मी गयावया केली, "मावशी, आज तेवढं काही करू नका."

"वेडी आहेस का खुळी? परीक्षा तुझी, आणि आजच देवाला विसरू?"

निवड समिती आली. मी ऐटीत कळ दाबली. घुमट उघडला आणि लगेच मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला! समितीतल्या बाई घड्याळ बघायला लागल्या. मी अंगणात धावले. बघते तर काय, माझ्या यशासाठी अख्खी वेधशाळा उदबत्त्यांचे जुडगेच्या जुडगे पेटवून बसलेली! धुरात पेटी दिसेना.

मागून आचान आले. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय, खिम? धूर आला, घुमट मिटला. यंत्र पास! वर्षभर राहा आणि असंच दुसरं बनव. ते लांब गच्चीवर बसवू."

"आणि हे, सर? काढून टाकू?"

"खबरदार हात लावशील तर!" आचानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उद्या आपल्या अनुदानाचा निकाल आहे. काडेपेटी आहे का गं?"