सी ड्राइव्हला ताण

आमच्या सौंसरात संत्र्याच्या झाडांना ताण सगळेच देतात. कॉम्प्युटरला ताण देणारा माणूस मी एकच पाहिला. केशवराव काकाजी माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. बहाराआधी झाडांचं पाणी तोडायचं, त्यांना सुकू द्यायचं, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. त्यामुळे जागा संपत येऊन सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली तेव्हा त्यांनी सरळ वायर काढून कॉम्प्युटर आठ दिवस बंद ठेवला. नवव्या दिवशी सुरू केला. पट्टी लालच.

"ताण कमी पडला, मास्तर," ते मला म्हणाले.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून गल्लीतली सगळी यंत्रं माझ्या गळ्यात. मिक्सरसुद्धा. काकाजींचा कॉम्प्युटर त्यांच्या मुलीने पुण्याला नोकरी लागल्यावर घेऊन दिलेला. तेव्हापासून कुणी भेटलं की पोराबाळांच्या आधी ते विचारतात, तुमच्या सी ड्राइव्हमंदी किती जागा हाय? जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत त्यांनी पुढच्या अनोळखी माणसालाही हेच विचारलं. त्याने घाबरून खिसा चाचपला.

शेवटी एका संध्याकाळी मी मशीनसमोर बसलो. रिसायकल बिन उघडला, तर तो ठासून भरलेला. कधीच रिकामा का केला नाही, असं विचारलं, तर म्हणाले, उकिरडा कुजल्याशिवाय कोणी उपसते का? मी तो न कुजताच उपसला. टेम्पररी फाइली काढल्या. पट्टी जरा हलली, पण लाल ती लालच. मग 'फवारणी' नावाचं एक फोल्डर दिसलं. निम्म्याहून जास्त जागा तेच खाऊन बसलं होतं. फवारणीला इतकी जागा कशाला लागते, असं पुटपुटत मी ते डिलीट करायला गेलो आणि काकाजींनी माझं मनगट धरलं.

"त्याले हात नका लावू."

मला राग आला. घरी पेपरांचा गठ्ठा तपासायचा राहिला होता आणि इथे मी फुकटची हमाली करत होतो. मी म्हटलं, काकाजी, मग यापुढे यात काहीच सेव्ह होणार नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच फोल्डर उघडलं.

आत व्हिडिओ होते. मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, आणि काकाजी तो रेकॉर्ड करून ठेवतात. दीड वर्षाचे रविवार तिथे ओळीने लावलेले. कुणाला कळू नये म्हणून नाव तेवढं फवारणी.

"तुमची काकू गेल्यापासून एकट्यानं घास जात नाई," ते पडद्याकडे पाहत म्हणाले. "म्हणून जेवताना एक रविवार लावून घेतो. आता येत्या रविवारी जागाच नसन, तर तो ठेवीन कुठी?"

मघाच्या रागाची मला लाज वाटली. डी ड्राइव्ह रिकामाच पडला होता. तिकडे काही ठेवता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सगळे रविवार तिकडे हलवले. सीची पट्टी निळी झाली, पण काकाजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिकडे गेल्यावर पोरगी बोलते ना, तेवढं पाहून द्या, म्हणाले.

मी एक व्हिडिओ लावला. पडद्यावर मुलगी केस बांधत होती. तिने विचारलं, "बाबा, जेवले का?"

"आता जेवालेच बसून राहिलो," काकाजी म्हणाले. आत गेले आणि मला न विचारता दोन ताटं वाढून घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवून पडद्याला म्हणाले, "आज मास्तर हाय सोबत."

घरी माझा स्वयंपाक झालेला होता. मी पाट ओढून बसलो.