जयवंतराव माणगावे यांच्या एका तासाचे वर्तमान

श्री. जो चाकांस फिरवितो आणि वेळ झाली म्हणजे थांबवितो, त्यास आधी नमस्कार, मग कागदास हात. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ वद्य चतुर्थी, रविवार. ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, माळावरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर हौशी मंडळींची आठ तासांची मोटारलढाई जाहली, तिची ही हकीकत.

राज्याची रीत अशी की, लढणारे कोणी पेशाचे स्वार नव्हेत. आठवडाभर दुकान, शाळा, कचेरी सांभाळावी आणि लढाईच्या रविवारी जुनी गाडी घेऊन माळावर यावे. एका गाडीस तीन चालक, त्यांनी पाळीपाळीने चालवावी, आणि आठ तासांत जिच्या फेऱ्या जास्त ती पुढे. चालक बदलणे आणि पेट्रोल भरणे हे पिट नामक जागेत करावे, आणि तिथे गाडी पाच मिनिटे उभी राहिलीच पाहिजे, काम दोन मिनिटांत उरकले तरी. कारण घाईत हौशी मनुष्य पेट्रोल अंगावर सांडतो. वर्षात अशा पाच लढाया, प्रत्येकीत क्रमांकाप्रमाणे गुण, आणि गुणांच्या बेरजेवर वर्षाचा किताब. दोन कलमे मात्र कडक होती. एक, आठ तास सरून निशाण पडल्यावर गाडीने स्वबळावर शेवटची रेषा ओलांडावी, न ओलांडल्यास दिवसभराच्या फेऱ्या व्यर्थ. दुसरे, किताबावर ज्याचे नाव कोरायचे त्याने पाचांपैकी चार लढायांत आसनावर एक अखंड तास भरावा; गाडी पिटात शिरली की तास मोडला.

जयवंतराव माणगावे हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे, वय अठ्ठावन्न, आणि गाडी त्यांची. अकरा वर्षे त्यांनी गाडी सजवून आणली आणि दरवर्षी आपली पाळी कोणा वेगवान माणसास दिली, म्हणून किताबाच्या यादीत त्यांचे नाव कधी आले नाही. यंदा डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने मिटत चालली आणि डॉक्टरांनी सांगितले की पुढल्या परवान्यावर माझी सही मिळणार नाही. मग जयवंतराव हट्टाने आसनावर बसले. तीन लढायांत तास भरले, एक लढाई डोळ्याच्या शस्त्रक्रियेत हुकली, आणि ही शेवटची. बाकीचे दोघे चालक, औषधदुकानाच्या मालकीण शाहीनबाई मुजावर आणि भूगोलाचे शिक्षक भागवत सर, यांचे तास भरून चुकले होते. गुणही इतके साठले होते की आज शेवटच्या क्रमांकाने का होईना, गाडी पोहोचली म्हणजे किताब तिघांचा.

तिसऱ्या प्रहरी शाहीनबाई उतरल्या आणि जयवंतराव बसले, आणि शाहीनबाईंनी त्यांचे पट्टे आवळले व म्हणाल्या, "काका, कुणाच्या मागं लागू नका. आज कुणाला हरवायचं नाहीये."

भागवत सरांस संकष्टीचा उपवास, आणि उपाशी पोटी त्यांची जीभ फार चाले. ते म्हणाले, "ते कधी कुणाच्या मागं लागलेत? मागच्या लढाईत म्हैस यांच्या पुढं गेली."

"म्हैस सरळ जात होती, सर. मी वळणावर होतो," असे जयवंतराव बोलले, आणि पाच मिनिटे भरताच, तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी, बाहेर पडले. निशाण पाचास पडावयाचे.

मग रस्ता त्यांच्याखालून वाहू लागला. डावीकडची कड दिसत नव्हती, म्हणून तिकडचा माळ त्यांनी आठवणीतून पाहिला, आणि आठवणीतला माळ खऱ्याहून हिरवा होता. वेगवान गाड्या त्या न दिसणाऱ्या बाजूने आवाज होऊन येत आणि उजवीकडे रंग होऊन जात. फेऱ्या मोजण्याचे सोडून जयवंतराव सावल्या पाहू लागले, कशा दर फेरीस बोटभर लांबतात. आणि अडतिसाव्या मिनिटास काचेवर वाफ आली.

शाहीनबाई रेडिओवर म्हणाल्या, "काका, सुई कुठंय?"

"लालला टेकलीय. पाण्याची नळी गेली असणार."

"मग आत या. पाणी भरू, थंड करू, शेवटची फेरी मी काढते."

"आत आलो की माझा तास मोडला."

"आणि बाहेर बंद पडली तर तिघांचं वर्ष मोडलं," भागवत सर मध्ये बोलले. "स्पष्टच सांगतो, जयवंतराव."

यात खोट काढण्याजोगे काही नव्हते. पिटाचा फाटा समोर आला आणि जयवंतरावांनी चाक तिकडे वळविले व म्हणाले, "येतो आत."

रेडिओवर शाहीनबाई म्हणाल्या, "सर, तुमचा तास झाला. माझा झाला. गाडी कुणाची?"

भागवत सरांनी उसासा टाकला. "जन्मभर गरम मोटारीच हाताळल्यात त्यांनी. परत कधी चालू करायची ते त्यांनाच कळणार. जयवंतराव, येऊ नका आत. जा पुढं. रेषेअलीकडच्या खोबणीत उभी करा."

ही खोबण रेषेच्या दीडशे पावले अलीकडे, कठड्यात, बिघडलेल्या गाड्यांच्या आडोशास ठेवलेली. ती रस्त्याचाच भाग मानीत, म्हणून तिथे थांबल्याने तास मोडत नसे. जयवंतराव चाक परत फिरवून तिथे आले, थांबले आणि इंजिन बंद केले. चाळीस मिनिटे झाली होती.

निशाणवाला धावत आला. "ओढून नेऊ?"

"हात लावू नका. ओढली की संपलं."

"बिघडलीय ना पण?"

"दमलीय. पाचला निघेल."

"तोवर मी पिवळं निशाण हलवत राहू? हात माझा आहे, साहेब!"

"दोन हातांनी आलटूनपालटून हलवा. आम्ही गाडी तशीच चालवतो."

निशाणवाला हसला आणि मागून येणाऱ्या गाड्यांस इशारा म्हणून हलवू लागला. मग जयवंतराव नुसते बसले, पट्टे आवळलेले, हात चाकावर. तापलेले लोखंड टिकटिक करीत निवत होते. गवतावर वाफ उतरत होती आणि त्या वाफेत माळ हळूहळू तरंगू लागला, आणि त्यांस वाटले की आपण थांबलो नाही, माळच आपल्याभोवती फेऱ्या घालतो आहे, झाडे, कठडे, मंडप सारे पाळीपाळीने येऊन जातात. एक चंडोल आभाळात उभा राहून गात होता, तोही जागचा हलत नव्हता. इतक्यात कानाशी शाहीनबाईंचा आवाज, अगदी हळू, "काका, तास भरला."

जयवंतरावांनी हात बाहेर काढून बॉनेटच्या पत्र्यावरची हवा चाचपली आणि आणखी तीन मिनिटे थांबले.

निशाण पडले. किल्ली फिरवली, नाही. पुन्हा, नाही. तिसऱ्यांदा इंजिनाने जीव धरला आणि गाडी खोबणीतून निघाली, शंभर पावले गेली, सव्वाशे गेली, मग खोकली आणि गप्प झाली. रेषा पंचवीस पावलांवर. मग जयवंतरावांनी पहिला गिअर टाकून किल्ली दाबून धरली, आणि बॅटरीच्या जोरावर स्टार्टर कण्हत कण्हत गाडीस ओढू लागला, आणि गाडी बेडकासारखी उड्या घेत रेषेपार झाली, आणि मंडपात जो हशा उठला तो बराच वेळ बसेना.

एक प्रतिस्पर्धी तक्रार घेऊन आला, "हे स्वबळ कसलं?"

मुख्य पंचबाईंनी विचारले, "बॅटरी गाडीतलीच होती ना?"

"हो, पण..."

"मग चहा घ्या."

येथवर जे घडले त्याचा गोषवारा. त्या लढाईत गाड्या नऊ, पैकी ही नववी. वर्षाच्या बेरजेत पहिली. किताबावर नावे तीन कोरली. जयवंतराव माणगावे यांचा आसनावरचा काळ एक तास तीन मिनिटे. त्यात चालते चाळीस, उभे तेवीस. पंचांच्या दप्तरी दोन्ही एकाच रकान्यात आहेत.