वायरलेस नानांच्या हातातला कागद

विसरवाडीहून नवापूरला जाणाऱ्या एसटीत ड्रायव्हरशी बोलायची कोणाची छाती नव्हती. कारण मागच्या बाकावर वायरलेस नाना बसलेले असायचे. एकदा एका कापसाच्या व्यापाऱ्याने ड्रायव्हरला विडी देत आपल्या मुलीच्या लग्नाची हकिकत सुरू केली. नाना उठून गरजले, "ए शेठ! तो गाडी चलाई ऱ्हायना. तुन्ही पोर काय आठेच नांदाले जाई ऱ्हायनी?"

व्यापारी नवापूरपर्यंत गप्प बसला. विडीही विझली.

चिठ्ठीचंही तसंच. शेजारच्या खेड्यातल्या कोणाचं कार्ड पोस्टमनने चुकून नानांच्या दुकानात टाकलं, तर नाना जेवणावरून उठले आणि खरकट्या हाताने, भर उन्हात दोन कोस चालत ते देऊन आले. कार्डात मजकूर एवढाच होता, की म्हैस व्याली, रेडा झाला. लोक हसले. नाना म्हणाले, "कागद हातमा उना का देई टाक. वाचनारा ठरावी काय करानं ते."

नाना म्हणजे तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. लढाईत बिनतारी यंत्र शिकले आणि पुढे प्रवासी विमानात रेडिओ ऑफिसर झाले. दोन वैमानिकांच्या मागे बसायचं, कानाला यंत्र लावायचं, आलेला निरोप कागदावर उतरवून कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे त्यांचं काम. एका उन्हाळ्यात त्यांचं डाकोटा विमान वादळी ढगात सापडलं आणि माळावर आदळलं. बाकीचे हातपाय मोडून वाचले. कॅप्टन मात्र गेला. चौकशीत ठपका त्याच्यावरच आला: वादळाची सूचना असताना विमान ढगात घातलं. नाना गावाकडे परतले आणि नाक्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

दुसऱ्याच्या म्हशीसाठी उन्हात धावणाऱ्या या माणसाने स्वतःला आलेल्या पत्रांना सात वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रं कॅप्टनच्या बायकोची. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बडोद्याहून यायची. प्रश्न एकच: "ती सूचना ह्यांच्या हाती पोचली होती का? माझ्या मुलाला शाळेत विमान पाडणाऱ्याचा पोर म्हणतात."

नानांनी ती पत्रं मला दाखवली, कारण गावातल्या सभा-मोर्चांची पत्रकं मी लिहायचो. मी पेटलो. विमान कंपन्यांवर चार पानी पत्रक लिहून काढलं: नफ्यासाठी माणसांना किती तास राबवतात, ढगाच्या पोटात काय आहे हे दाखवणारं यंत्र का बसवत नाहीत, आणि शेवटी मेलेल्याच्या माथी खापर कसं फोडतात. दुकानात उभा राहून मी ते खणखणीत आवाजात वाचलं. नानांनी हातातलं काम आधी खाली ठेवलं. मग ऐकलं.

"पुढारी," ते म्हणाले, "तुन्हं पत्रक खरं शे. पन कागद मन्हा हातमा व्हता, ते बी खरं शे."

मला कळेना.

मग त्यांनी सांगितलं. कॅप्टनला अहिराणी गोष्टींचं वेड. त्या दुपारी नाना लाजाळू जावयाची गोष्ट सांगत होते. सासुरवाडीला गेलेल्या जावयाने गरम मांडा, म्हणजे खापरावरची पुरणपोळी, पागोट्यात लपवला आणि तेवढ्यात सासरा आला. मधेच वादळाची सूचना आली. नानांनी ती उतरवून घेतली. गोष्ट दोन वाक्यांत संपणार होती. संपली की देऊ, म्हणून कागद हातातच ठेवला. कॅप्टन हसत मागे वळला, म्हणाला, "मग?" आणि समोर काळोख झाला.

"चौकशीत हे का नाही सांगितलं?" मी ओरडलो. "सात वर्षं एक पोरगं बापाच्या नावाने शिव्या खातंय, नाना!"

"हाव," नाना म्हणाले. "मी भ्यानू."

माझ्या चार पानांत या माणसासाठी एकही ओळ नव्हती. मला त्यांची चीड आली होती आणि मी दुकान सोडूनही जाऊ शकत नव्हतो. त्या दिवशी पत्र लिहिलं ते मीच, त्यांच्या तोंडून ऐकत. एक प्रत बडोद्याला गेली, दुसरी चौकशी करणाऱ्या कचेरीला. नानांनी दोन्हींवर सही केली.

कचेरीकडून काहीच आलं नाही. बडोद्याचं पाकीट पंधरा दिवसांनी आलं. नानांनी ते माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं:

"तुमचं पत्र मी मुलाला वाचून दाखवलं. उद्या त्याच्या हेडमास्तरांना दाखवणार आहे. तुम्हाला क्षमा करायची की नाही, ते माझं मी बघेन. ते शेवटी हसत होते, हे मला ठाऊक नव्हतं. ती गोष्ट पुढे काय झाली, तेवढं कळवा."

नानांनी कागद आणि टाक माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "लिव्ह."

सासऱ्याने विचारलं, जावईबापू, पागोट्यातून वाफ कशाची निघते? जावई म्हणाला, "डोकं दुखी ऱ्हायनं मामा, शेकी ऱ्हायनू."

मी शब्दन् शब्द तसाच अहिराणीत उतरवला. आम्ही दोघंही हसलो नाही. मी शेवटचा मजकूर लिहायला टाक पुढे नेला, तसा नानांनी माझा हात धरला.

"आठे कॅप्टनसाहेब हसना असता," ते म्हणाले. "जराशी जागा सोड."

मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या.