नानांचे पॅसेंजर

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कुणी नवा फिशटँक आणला, की नाना स्टीलच्या डब्यात काळाकुट्ट, निथळता स्पंज घेऊन हजर! "हे विरजण शे. टाक आत. नुसता नळना पानीमा मासा टिकत नही."

लोक नाक दाबायचे. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही मायक्रोबायोलॉजीचा, म्हणून साक्षीला मलाच बोलावणं. नानांचं खरंच होतं. जुन्या फिल्टरच्या स्पंजात जिवाणू राहतात, माशांच्या घाणीतलं विष पचवतात. स्पंज नळाखाली धुतला, तर क्लोरीनने ते मरतात आणि मागोमाग मासे.

नाना एसटीत कंडक्टर होते, थिअरीही तिथलीच. "चांगला पॅसेंजर आधी बसाडी दे. मंग मवालीस्ले जागाच नही."

जेवताना ते रोज म्हणायचे, "दही आंबट शे." आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा आवाज, "मंग घाला तुमना मासास्ले!" नाना खरंच खाद्यात चमचाभर कालवायचे. माशांच्या पोटातही चांगलेच पॅसेंजर बसावेत म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. दिवस गावी केले. परत येईपर्यंत फ्रिजमधल्या दह्याला बुरशी. ते विरजण अक्कांनी लग्नात साक्रीहून, माहेरून आणलेलं. एवढ्या वर्षांत मोडलं नव्हतं. मग नाना पाकिटातलं दही आणू लागले. मासे मजेत खायचे. नाना तोंड वाकडं करायचे, "या आपला रूटना पॅसेंजर नही."

परवा ते वाटी घेऊन आमच्या दारात. "वहिनी, जरासं विरजण द्या. मासास्करता."

मी म्हणालो, "नाना, पाकिटातल्यानेही माशांना तेवढाच फायदा होतो."

आईने डोळे वटारले. "आम्ही इथे राहायला आलो तेव्हा अक्कांनीच दिलेलं विरजण आहे, नाना. तेच चालू आहे अजून."

"माले माहीत शे," नाना वाटीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावलो. मासे काचेला तोंडं लावून वाट बघत होते. नाना कळण्याच्या भाकरीशी दही खात होते. विरजणापुरतं वेगळं झाकून ठेवलेलं.

"आणि माशांना?"

"त्यास्ले पाकिटातलं चालस."

त्यांनी एक घास घेतला. "आंबट शे," जरा मोठ्यानेच म्हणाले. आणि हातातला घास तसाच धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले.