एक पोतं कोळसा आणि एक इंजिन

"आज तुला असं भरीत खायला घालतो, की माहेर विसरशील," सुरेश खरवंडीकरांनी शनिवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं.

"विसरायला आता माहेर उरलंय कुठे," शोभनाताई म्हणाल्या आणि खारीचा तुकडा चहात बुडवला.

गेल्या दिवाळीत त्यांच्या भावांनी यावलचं शेत विकलं. विहिरीच्या काठावर, इंजिनाच्या खोलीबाहेर जिथे त्यांचे वडील, दादा, भरिताची वांगी भाजायचे, तिथे आता प्लॉट पाडलेत. फोनवर शोभनाताई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पुढे त्यांनी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. फक्त तेव्हापासून भरिताचा पहिला घास घेतला की त्या थांबायच्या, "काहीतरी कमी आहे" म्हणायच्या आणि मुकाट्याने पान संपवायच्या.

ते 'काहीतरी' शोधण्यात सुरेशरावांचं वर्ष गेलं. लसूण वाढवून झाला, मिरच्या बदलून झाल्या, तेल थेट जळगावहून मागवून झालं. शेवटी त्यांनी निदान केलं की दोष विस्तवाचा आहे. इथे आखातात, अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर इंडक्शनवर वांगं भाजणं म्हणजे वांग्याला ताप आणणं. ते भाजत नाही, नुसतं कण्हतं. बाल्कनीत शेगडी पेटवायचा विचार मनात आला, तरी छतावरचा धुराचा अलार्म डोळे वटारायचा.

त्यात गुरुवारी ऑफिसातला किसन पाटील सुट्टीवरून परतला, तो बॅगेतून जळगावकडच्या बामणोदची, खास भरिताची तीन वांगी घेऊन. हिरवी, तुकतुकीत, तान्ह्या बाळाएवढी. आता फक्त खरा कोळसा आणि तो पेटवायला मोकळी जागा हवी होती. सुरेशरावांनी जाहिरात शोधून काढली : 'घरगुती कोळसा आणि शेतीची यंत्रं. याकूब, उम्म अल कुवैन.'

"बाबा, द पेट्रोल स्टेशन डाउनस्टेअर्स सेल्स चारकोल," वैभवी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "लाइक, टू मिनिट्स अवे."

"त्या दाबून केलेल्या वड्या. तो कोळसा नव्हे, कोळशाची आठवण."

"ओके. एन्जॉय युअर टू-अवर ड्राइव्ह."

तर दोन तासांनी, मागच्या सीटवर सीटबेल्टने बांधून आणलेली वांग्यांची टोपली घेऊन खरवंडीकर दांपत्य याकूबभाईंच्या वखारीत उतरलं. एका बाजूला कोळशाची पोती, दुसऱ्या बाजूला खजुराच्या बागांमधून निवृत्त झालेली यंत्रं. चाक नसलेला ट्रॅक्टर, दात पडलेला नांगर, कडबा कापायचं यंत्र. सगळी पेन्शनर मंडळी सावलीत बसल्यासारखी.

याकूबभाई मूळचे राजापूरचे. मराठी ऐकताच त्यांनी खुर्च्या झटकल्या. "बसा हो भाऊसाहेब. भाभी, तुम्ही पंख्याखाली या. कोळसा काय, पळून नाय जात. आधी चाय." घर वखारीच्या मागेच होतं. त्यांनी आत हाक मारली, आणि त्यांच्या पत्नी मैमुनाबी चहा घेऊन आल्या.

चहा संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग सुरेशरावांना कोपऱ्यातलं इंजिन दिसलं. हँडल मारून सुरू करायचं, डिझेलवर चालणारं, एका सिलिंडरचं बुटकं इंजिन. हिरवा रंग गंजात मुरलेला.

"हे केवढ्याला?" त्यांनी विचारलं. घ्यायचं म्हणून नव्हे. पुण्याच्या माणसाला दिसेल त्या वस्तूचा भाव विचारायचा असतो, तसंच.

"तुम्हांला दोनशे."

"दोनशे दिरहम? म्हणजे अठ्ठेचाळीसशे रुपये," सुरेशराव मोठ्याने म्हणाले. "एवढ्यात आमच्याकडे याचं हँडलसुद्धा मिळणार नाही."

इथे घात झाला. दिरहमचे मोठ्याने रुपये करणारं गिऱ्हाईक नुसतं बघायला आलेलं नसतं, असा याकूबभाईंचा तीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी हात पुढे केला. "खलास. तुमचं झालं."

"अहो, नाही, मी आपलं सहज—"

"चालतं की नाय, ही शंका ना? यल्ला, मारा हँडल."

शेतीतलं आपल्याला कळतं, असं सुरेशराव लग्नापासून सांगत आलेले. बायकोदेखत माघार कशी घ्यायची? त्यांनी बाह्या सरसावल्या, हँडल धरलं आणि फिरवलं. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलं. इंजिनाने उलटा झटका दिला आणि सुरेशराव कोळशाच्या पोत्यावर जाऊन बसले. मागची बाजू पूर्ण काळी, पुढची लाल.

"सरका," मागून आवाज आला.

शोभनाताईंनी चहाचा कप खाली ठेवला, ओढणी कमरेला खोचली, इंजिनाच्या डोक्यावरची कळ एका हाताने वर केली आणि दुसऱ्या हाताने हँडल गरागरा फिरवून कळ सोडली.

टुक. टुक. टुक-टुक-टुक-टुक.

"दादांच्या हातून सुरू झालं नाही की मलाच हाक मारायचे," त्या म्हणाल्या. इतकं लांब वाक्य शेताबद्दल त्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या. सुरेशराव पोत्यावर बसून बघतच राहिले.

शेतावर इंजिन सिमेंटच्या कट्ट्यावर बोल्टांनी आवळलेलं असतं, हे मात्र त्या आनंदात कोणाच्या ध्यानात आलं नाही. हे इंजिन मोकळं होतं. ते आधी थरथरलं, मग जागच्या जागी उड्या मारू लागलं आणि बघता बघता वखारीतून फिरायला निघालं. कुठे? थेट खुर्चीजवळ ठेवलेल्या वांग्यांच्या टोपलीकडे.

"अहो, वांगी!" शोभनाताई.

"अहो, पाय!" मैमुनाबी.

सुरेशराव टोपलीकडे झेपावले, ते बरोबर इंजिनानंतर पोचले. इंजिन टोपलीवरून गेलं आणि पोत्यांना टेकून दमल्यासारखं थांबलं. टुकटुक मात्र चालूच. याकूबभाईंनी धावत जाऊन त्याच्या पायाशी विटा लावल्या. दोन वांग्यांचं जागेवरच भरीत झालं होतं, कच्चं. तिसरं घरंगळत ट्रॅक्टरखाली लपलं होतं.

सुरेशराव ते वाचलेलं वांगं मांडीवर घेऊन बसले. वर्षभराचा शोध, दोन तासांचा प्रवास आणि हाती काय, तर एक वांगं.

"पेटवा शेगडी," शोभनाताई म्हणाल्या. "एक तर एक."

"आधी हे बंद करतो."

"राहू द्या. चालू दे जरा."

विटांमध्ये अडकलेल्या इंजिनाशेजारीच शेगडी पेटली. मैमुनाबींनी आतून मीठ, कांदा, मिरच्या आणि तांदळाच्या गरम भाकऱ्या आणल्या. धुराड्यातून काळा धूर वांग्यावरून डौलात जात होता आणि सुरेशराव तो पुठ्ठ्याने हाकलत होते. पण वारा इंजिनाच्या पक्षाचा होता.

शोभनाताईंनी पहिला घास घेतला आणि नेहमीसारख्या थांबल्या. सुरेशरावांचा पुठ्ठा हवेतच राहिला.

"डिझेलचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"सॉरी. मी तरी म्हणत होतो, बंद—"

"तेच कमी होतं," शोभनाताई म्हणाल्या, आणि सगळ्यांकडे पाठ करून दुसरा घास घेतला.

सुरेशरावांनी पुठ्ठा खाली ठेवला. इंजिनच काय ते बोलत होतं.

संध्याकाळी अल रीमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाल्या अंकुरने गाडीची डिकी उघडायला लावली. आत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, बुटकं, तेलकट होतं. कोळशाचं पोतं मात्र उम्म अल कुवैनलाच राहिलं होतं.

"सर, ये क्या है?"

सुरेशरावांनी बायकोकडे पाहिलं. बायको समोर बघत होती.

"मसाला," ते म्हणाले.

अंकुरने वाकून वास घेतला. "कौन सा?"

"खानदेशी," शोभनाताई म्हणाल्या. "हळू उतरवा, सांडेल."