हानबाईंची आजी

हानबाईंकडून पाइपांचं ड्रॉइंग हवं असेल तर आधी आपल्या आजीचं नाव सांगावं लागतं. कुवेतमधल्या शुऐबातल्या आमच्या कोरियन कंपनीत कागदपत्रांचं खातं त्यांच्याकडे आहे. नव्या माणसाचा सिव्हिल आयडी त्या नंतर बघतात.

मी रुजू झालो तेव्हा खाली फोरमन पाइप घेऊन खोळंबलेला आणि वर मी घाम पुसत उभा.

"दादी का नाम?"

"आजी."

"रिश्ता नहीं. नाम." हे हिंदी त्यांनी वेल्डरांकडून उचललंय, आणि वापरतातही वेल्डिंग केल्यासारखंच.

नाव मला ठाऊकच नव्हतं. गुहागरला वडिलांना फोन लावला. "आम्ही तिला आई म्हणायचो," ते म्हणाले आणि माझ्यावरच खेकसले. शेवटी आत्यानं सांगितलं: माहेरची ठकू, सासरची इंदिरा. मी तोऱ्यात दोन्ही नावं सांगितली. वर, आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, हेही कौतुकानं ऐकवलं. हानबाईंनी पुढे केलेलं ड्रॉइंग मागे ओढलं.

"उसको पूछा था?"

ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी मिळालं. फोरमनच्या शिव्या त्याच दिवशी मिळाल्या.

त्यांची स्वतःची आजी, म्हणजे आईची आई, आम्हाला आता तोंडपाठ आहे. कोरियावर जपान्यांचं राज्य असताना तिनं पोटाशी स्वातंत्र्याची पत्रकं बांधून गावोगाव नेली, तुरुंगात गेली. सुटल्यावर आपल्याच पुढाऱ्यांना विचारलं, देश मोकळा झाला की बायका कधी मोकळ्या होणार? पुढारी म्हणाले, आधी चहा आण. नवऱ्यानं गप्प बसवायला बघितलं, तेव्हा धाकट्या मुलीला पाठीशी बांधून घर सोडलं आणि मुलींची शाळा काढली. मुलगे नवऱ्याकडे राहिले. सांगताना हानबाई पुढाऱ्यांचा आवाज हुबेहूब आमच्या मॅनेजरसारखा काढतात. मॅनेजर समोर असला तरी.

गेल्या शुक्रवारी दुपारी त्यांनी मला आणि बायकोला, वैशालीला, घरी बोलावलं. "दादी का दिन," एवढंच म्हणाल्या. मी वाढदिवस समजून केक घेतला. टेबलावर मासे, सूप, नाशपाती, मागे कोरियन अक्षरांची एक उभी पट्टी. दारूच्या पेल्यात, कुवेत असल्यामुळे, द्राक्षाचा रस. भाताच्या वाडग्यात चमचा उभा खोचलेला. पाहुण्याची काय ती काळजी, म्हणत मी बसलो आणि हाणायला सुरुवात केली. वैशालीनं पायावर पाय दिला.

"अहो, आजीचा दिवस म्हणजे तिथी! ते श्राद्धाचं पान आहे."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "हमारे यहाँ पहले कौआ खाता है."

"तुम कौआ?"

"आज तो, हाँ."

हानबाई हसल्या नाहीत. मामांच्या घरी फक्त आजोबांचं पान वाढतात, त्यांनी वैशालीला सांगितलं. घर सोडून गेलेल्या बाईचं कोण वाढणार? आणि मुलीच्या मुलीनं परदेशात वाढलेलं ते मोजतच नाहीत. म्हणून दरवर्षी त्या एकट्याच वाढतात, एकट्याच नमस्काराला वाकतात. आजीला पोचतं की नाही, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

मग माझ्याकडे वळल्या. "कौआ खाता है, फिर?"

माझं तोंड भरलेलं. वैशालीच म्हणाली, "फिर समझते हैं, उनको मिल गया."

हानबाई आजीच्या नावाच्या त्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग माझ्यापुढचा वाडगा उचलून आत गेल्या आणि शिगोशीग भरून घेऊन आल्या.

"खाओ," त्या म्हणाल्या. "धीरे धीरे."